नम्र नकाराची फाईल

चंद्रपूर, २८ मे २०२५

चि. सलीमा,
अनेक आशीर्वाद.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर बोललेलं इतिवृत्ताला जोडता येत नाही. आपल्या झाडीपट्टी जलजीव वैज्ञानिक परिषदेचा सत्तावीस वर्षांचा कारभार कागदावर चालला आहे आणि तू आता तिची सचिव आहेस, तेव्हा सवय करून घे.

२९ जूनला ब्रह्मपुरीला वार्षिक सभा आहे. अध्यक्षपदाची माझी नववी मुदत त्या दिवशी संपते. आता पुरे, असं मी ठरवलं आहे. नेतृत्व तरुण हातांत गेलं पाहिजे. गुडघे बोलतात. सून म्हणते, बाबा, आता नातवंडांत रमा. सोबत राजीनामा जोडला आहे, तो सभेत वाचावा. 'कोणत्याही परिस्थितीत फेरविचार होणार नाही' हे वाक्य जरा ठासून वाच.

भावी दिशा समितीचा अहवालही वाचायचा आहे. समिती दोन दिवस मोहर्लीला बसली होती. दुसऱ्या सत्राच्या वेळी वाघीण तीन पिल्लांसह रस्त्यावर आल्यामुळे ते सत्र होऊ शकलं नाही. पण पहिल्या सत्रात 'परिषदेनं यापुढे पुढे पाहावं' असा ठराव एकमतानं झाला. पुढची बैठकही मोहर्लीलाच घ्यावी, असं ठरलं.

तुझं तलावांचं प्रकरण विचाराधीन आहे. दिशा ठरल्याशिवाय मत देणं उतावीळपणाचं होईल.

तुझा,
डॉ. भैयाजी बोरकुटे
संस्थापक अध्यक्ष

ता. क. जेवणाचं शालिकरामला सांगून ठेव. मरळच आण म्हणावं. मागच्या वर्षीच्या मरळीला काटे फार होते.


ब्रह्मपुरी, ३ जून २०२५

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

राजीनामा मिळाला. आवक क्रमांक ११. दोनदा वाचला आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. खुर्चीवरून आपणहून उठणारा माणूस मी तरी आजवर पाहिला नव्हता. अब्बांना दुकानात वाचून दाखवला. तुम्हाला माहीतच आहे, ते जाळी आणि गळ विकतात, माणसांवर सहसा विश्वास ठेवत नाहीत. तेही म्हणाले, शरीफ आदमी है.

तलावांचं 'विचाराधीन' मात्र या वेळी परवडणार नाही. जिल्ह्याच्या योजनेत एक्केचाळीस गावतलावांत तिलापियाचं बीज सोडायचं आहे. परिषदेचं मत १० जुलैपर्यंत गेलं नाही तर हरकत नाही असं धरणार. दोन वर्षं आपण गप्प राहिलो आणि शेजारच्या गावच्या तलावात ती बाहेरची मासोळी पडली. आता तिथे जाळं ओढलं की तीच निघते. देशी डाडक गेली, शिंगूर गेली. चिचटोल्याच्या तलावावर चाळीस ढिवर घरं मासे धरून जगतात, त्यात शालिकरामभाऊंचं एक. देशी माशांची सत्तावीस नावं त्यांनी सांगितली, मी लिहून शास्त्रीय नावं जोडली. मत तयार आहे. फक्त अध्यक्षांची सही हवी, सचिवाची चालत नाही.

शालिकरामभाऊंना मरळीचं सांगितलं. ते म्हणाले, 'मागच्या साली सरायनं खाल्ली ते रोहू होती. मी तवाच सांगितलं होतं, पन सर भाषन करून राह्यले होते.'

आपली,
सलीमा


चंद्रपूर, ९ जून २०२५

चि. सलीमा,

तुझ्या भावना पोचल्या. तू चारच महिने झाले सचिव आहेस, म्हणून परिषदेच्या प्रथा कानावर घालतो.

मी आजवर आठ वेळा राजीनामा दिला आहे. आठही पत्रं माझ्याकडे 'नम्र नकार' या फायलीत क्रमानं लावलेली आहेत. दर वेळी काय होतं, तर मी विश्रामगृहावर थांबतो. सभेत राजीनामा वाचला जातो. मग तिघं उठतात. पहिला म्हणतो, हे शक्य नाही. दुसऱ्याचा कंठ दाटून येतो. तिसरा म्हणतो, चला, आपण सरांना घेऊन येऊ. ते येतात, मी नाही म्हणतो, तीनदा म्हणतो, आणि मग त्यांच्या आग्रहापुढं माझा नाइलाज होतो. लग्नाच्या पंगतीत पाहुणा पत्रावळीवर हात आडवा धरतो, म्हणून काय कोणी जिलेबी वाढायची राहतं का?

अर्थात या वेळी मी ठाम आहे. फक्त कोणाला बोलायचं असलं तर त्याला बोलू द्यावं. लोकशाही आहे.

आणखी एक. घटनेचं कलम नऊ बघ. अध्यक्ष हा संस्थापक सदस्यांपैकीच असला पाहिजे, आणि ते कलम अध्यक्षाच्या सहीशिवाय बदलता येत नाही. परिषदेत भलतीच माणसं शिरू नयेत म्हणून मीच ते घातलं होतं. तेव्हा माझ्यामागे कोण, याचा विचार तू शांतपणे कर. फार शांतपणे कर.

तुझा,
भैयाजी बोरकुटे

ता. क. रोहूचं शालिकरामला काही कळत नाही.


ब्रह्मपुरी, १४ जून २०२५

आदरणीय सर,

बरं झालं, प्रथा कळवली. नाहीतर मोठी चूक झाली असती.

तुमचं पत्र वाचून मला आमची लाज वाटली. आठ वेळा तुम्ही नाही म्हणालात, लेखी म्हणालात, आणि आठही वेळा लोकांनी तुमच्या मनाविरुद्ध तुम्हाला खुर्चीत बसवलं. मी लगेच त्रेसष्ट सभासदांना परिपत्रक पाठवलं: 'सरांचे गुडघे दुखतात. सरांना नातवंडांत रमायचे आहे. कृपया कोणीही आग्रह करून त्यांना त्रास देऊ नये. विश्रामगृहावर कोणीही जाऊ नये.' अब्बा म्हणाले, पंगतीत हात आडवा धरणाऱ्याला वाढणं ठीक, पण ज्याचं पोटच बिघडलंय त्याला वाढणं पाप आहे.

एटापल्लीच्या कुलदीप सरांचा फोन आला होता. दाटल्या कंठाचं काम त्यांच्याकडे असतं ना? म्हणाले, भाषण पाठ झालंय, तिसऱ्या परिच्छेदाला रडू येतं. मी म्हटलं, सर, या वेळी रडायची गरज नाही. ते जरा हिरमुसले.

कलम नऊचं लक्षात आलं. घटनेची मूळ प्रत अब्बांच्या दुकानाच्या माळ्यावर आहे, परिषदेला कपाट नव्हतं तेव्हापासून. काढून ठेवते.

समितीच्या मोहर्लीच्या सफारीचे फोटो अहवालाला जोडू का? त्यात एकही मासा नाही, म्हणून विचारलं.

आपली,
सलीमा


चंद्रपूर, २० जून २०२५

सलीमा,

परिपत्रकाची इतकी घाई कशाला केलीस? माणसांच्या भावना अशा परिपत्रकानं थांबत नसतात. कुलदीप स्वतःहून म्हणतोय की तो बोलणारच. मी त्याला काही सांगितलेलं नाही. त्याला पहिल्यांदा वेळ दे.

मी शनिवारी संध्याकाळीच ब्रह्मपुरीच्या विश्रामगृहावर येतो आहे. सहज. हवापालट म्हणून. खोली क्रमांक दोन, कोणी विचारलंच तर ठाऊक असावं.

माझे गुडघे आता बरे आहेत, हेही सभेत सांगायला हरकत नाही.

भैयाजी


ब्रह्मपुरी, १ जुलै २०२५

आदरणीय सर,

सभेचा वृत्तांत रीतीप्रमाणे लेखी कळवते.

अकराला एकोणीस जण आले. गणपूर्तीला वीस लागतात. दरवर्षीसारखं मागे चुलीपाशी जाऊन शालिकरामभाऊंना सहीला बोलावलं. त्यांनी हात पुसले, हजेरीच्या वहीत सही केली आणि मरळ करपेल म्हणून परत निघाले. मी म्हटलं, जरा थांबा.

राजीनामा वाचला. तुमचं वाक्य ठासून वाचलं. मग सगळे दाराकडे बघत बसले, कारण कुलदीप सर आले नव्हते. सूरजागडच्या रस्त्याला चिखलात ट्रक आडवा झाला होता, मागे खनिजाच्या ट्रकांची रांग, आणि त्या रांगेत त्यांची एस. टी. उठून बोलायचं तर भाषण कोणाकडेच नव्हतं. मग कोणीतरी म्हणालं, राजीनामा मंजूर. कोण म्हणालं ते मी लिहून घेतलेलं नाही.

मग कलम नऊ आलं. मूळ प्रतीवर संस्थापकांची सात नावं आहेत, मी ती वाचली. तिघं आता नाहीत. एक हैदराबादला मुलीकडे, माणसं ओळखत नाहीत. एकाला तुम्ही २००९ साली काढलं, निवडणूक घ्या म्हणाला म्हणून. सहावे तुम्ही. आणि सातवं नाव: शालिकराम झिंगू मेश्राम, मुक्काम चिचटोला.

तुम्हाला आठवत असेलच. नोंदणीला सात माणसं लागत होती आणि तलावाच्या पाळीवर तुम्ही सहाच होता. सातवा तिथे मासे तळत होता. त्याची सही घेतली आणि पुढं ताट घेतलं.

मग गोंधळ झाला. एका प्राध्यापकांनी विचारलं, पदवीची अट असेल ना? घटनेत नाही. १९९८ साली तुमची डॉक्टरेट व्हायची होती, म्हणून ती अट तुम्हीच खोडली होती. शेजारी तुमची सही आहे. दुसऱ्यांनी विचारलं, हजेरीचं काय? सत्तावीस वर्षांत एकही सभा न चुकवलेला सभासद एकच निघाला. तुम्ही स्वतः तीन वेळा नव्हता.

शालिकरामभाऊ झारा हातात घेऊन उभे होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, 'नाई बाई, हे आपलं काम नोहे. भाजी कोन पाह्यल?' एकदाच म्हणाले, पण मनापासून म्हणाले. खुर्चीत बसले नाहीत. जाता जाता वळून विचारलं, 'त्या तलावाच्या कागदावर सही कोनाची लागते?'

मी म्हटलं, अध्यक्षाची.

'मंग आना तो कागद.'

सही केली आणि पुन्हा चुलीपाशी गेले. मरळ वाचली.

चार वाजता कुलदीप सर पोचले. चिखलानं गुडघ्यापर्यंत भरले होते आणि भाषण पाठ होतं, ते वाया कसं घालवणार? थेट अध्यक्षांपुढं उभे राहिले, तिसऱ्या परिच्छेदाला रडले आणि हात जोडून म्हणाले, आपण आम्हाला सोडून जाऊ नका. शालिकरामभाऊ म्हणाले, 'मी कुठी चाललो? मी तं आत्ताच आलो.' टाळ्या झाल्या.

आपली,
सलीमा


चंद्रपूर, ५ जुलै २०२५

सलीमा,

तू मले फसवलं. शुद्ध लिहायची आज इच्छा नाई.

सकाळी नऊपासून इस्त्रीचा सदरा घालून मी त्या विश्रामगृहात बसलो होतो. बारा वाजले, एक वाजला. म्हटलं, जेवण चाललं असेल. खानसाम्यानं चार वेळा चहा आणला आणि चौथ्या वेळी विचारलं, साहेब, कोणी येणार आहे का? मी म्हटलं, येतच असतील. पाच वाजता पिशवी उचलली आणि चंद्रपूरची गाडी धरली. स्टँडावर कुलदीप भेटला, डोळे लाल. मला वाटलं माझ्यासाठी. तो म्हणाला, सर, फार छान झाली सभा.

सत्तावीस वर्षं, सलीमा! परिषदेचं बोधचिन्ह मी काढलं, परिषदेचं गीत मी लिहिलं. आणि माझ्या जागी जाळं टाकणारा माणूस? उद्या लोक काय म्हणतील? शास्त्रज्ञांची संस्था का ढिवरांची सोसायटी?

ते तलावाचं मत पाठवू नको. नियमबाह्य आहे. काऊन नियमबाह्य, ते मी शोधून कळवतो.

आणि तुझ्या बापाच्या माळ्यावर घटना ठेवली तो दिवस माझ्या नशिबात कशाला आला.

भैयाजी


ब्रह्मपुरी, १२ जुलै २०२५

सर,

मत ७ तारखेलाच गेलं. सत्तावीस नावं, कोणती मासोळी कोणत्या महिन्यात कुठं अंडी घालते, कोणती गाळात राहते, सगळं. काल उत्तर आलं. या वर्षी एकाही गावतलावात बाहेरचं बीज पडणार नाही. पुढच्या वर्षी पुन्हा विचारणार आहेत, तेव्हा पुन्हा सांगू.

हो, मला कळत होतं. पहिल्या पत्रापासून कळत होतं. तुम्हाला आग्रह हवा होता आणि मी मुद्दाम केला नाही. पण ते डोळ्यांतलं पाणी सोडलं तर खोटं मी एकही लिहिलं नाही, सर. मी फक्त तुमचा शब्द खरा मानला. तुमचा शब्द खरा मानणारी मी परिषदेतली पहिलीच निघाले, यात दोष माझा का?

तरी विश्रामगृहाचं वाचून मला रडू आलं. या वेळी खरंच आलं. चौथ्या चहाचं मला माहीत नव्हतं. एखाद्याला तरी तुमच्याकडे पाठवायला हवं होतं. ते माझं चुकलं, माफ करा.

आता माझंही ऐका. २००६ साली मी बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. तुम्ही आम्हाला चिचटोल्याला नेलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तुम्ही पाण्यात उतरलात, वाघूर मासोळी हातात धरली, तिचा काटा तळव्यात रुतला, रक्त आलं, आणि तरी ती न सोडता तुम्ही आम्हाला तिच्या मिशा मोजून दाखवल्या. आठ. मी घरी येऊन अब्बांना म्हटलं, मला हेच शिकायचं आहे. त्यांनी दुकान बघायला दुसरा माणूस ठेवला, माझ्यासाठी. तो पाण्यातला माणूस अध्यक्ष असता तर मी स्वतः त्याच्यापुढं तीनदा रडले असते. तो कुठे गेला, हे मला कळलं नाही. मोहर्लीला तर नक्कीच नव्हता.

नव्या अध्यक्षांनी भावी दिशा समिती बरखास्त केली. म्हणाले, तलाव कोनच्या दिशेले आहे ते मले मालूम आहे. पोळा झाल्यावर, १४ सप्टेंबरला, सगळ्या सभासदांनी चिचटोल्याला यायचं आहे. त्याआधी जाळं टाकायचं नाही, मासोळी अंड्यांवर आहे. जाळ्यात येईल तिचं नाव ज्याला सांगता येईल त्यालाच रस्सा, असं त्यांचं फर्मान आहे. परिपत्रक निघाल्यापासून अकरा प्राध्यापकांना ताप भरला आहे.

तुम्हीही यावं, असं ते म्हणतात. मीही म्हणते.

सलीमा


चंद्रपूर, २५ जुलै २०२५

चि. सलीमा,

मी येणार नाही. कोणत्याही परिस्थितीत फेरविचार होणार नाही.

शालिकरामला तसं स्पष्ट कळव. आणि तो काय म्हणतो, ते मला उलटटपाली कळव.

भैयाजी

ता. क. पाळीपाशी गाळ किती आहे? सुनेनं जुनी पँट शोधून ठेवली आहे, उगाच.

ता. क. २. वाघुरीला मिशा आठच. चार जोड्या. बरोबर लक्षात ठेवलंस.


चिचटोला, ३ ऑगस्ट २०२५

भैयाजी सरांले शालिकरामचा रामराम.

पोस्टकार्ड लिवून राह्यलो. सलीमाबाई म्हने फोनवर बोललेलं तुमाले चालत नाई. अक्षर माहं वाकडंतिकडं हाय, समजून घ्या.

तुमी येत नाई म्हनता ते बाईनं वाचून दाखवलं. रीत काय हाय तेबी तिनंच सांगितली, का सर तीन खेपा नाई म्हनतेत आन मंग येतेत. मानसं पाठवाले मायापाशी सवड नाई, आता धानाचा रोवना सुरू हाय. म्हनून तिन्ही खेपांचं एकाच कार्डावर लिवतो.

या.

या सर.

या ना जी.

सत्तावीस साल मी तुमच्या सभेत चुलीपाशी बसलो. तुमची सारी भाषनं आयकली, गीतबी पाठ झालं. पन कोनत्या मासोळीचं नाव काय, हे मले कोनी पुसलं नाई. मी वाट पाहून राह्यलो होतो, का आज पुसतीन, उद्या पुसतीन. वाट पाहनं कसं असते ते आता तुमालेबी मालूम झालं. म्हनून मले तुमचा राग नाई.

गाळ मांडीइतका हाय. मी हात धरतो.

रस्सा मात्र नाव सांगितल्यावरच. रोहू आन मरळ दोनी राहतीन.

शालिकराम झिंगू मेश्राम
अध्यक्ष